मधलं नाव

माझ्या हातून एकही खोटा फोन पास झालेला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी जे केलं ते हलगर्जीपणानं केलं असं कुणाला वाटायला नको.

मी जनजोड योजनेच्या तालुका केंद्रात तपासनीस आहे. कोयनेच्या पाण्यापलीकडच्या गावांत टॉवर चालवणं कुठल्याच खाजगी कंपनीला परवडेना, आणि त्यांचं जुनं जाळं मार्चअखेर बंद होणार असं जाहीर झालं. तेव्हा सरकारनं डोंगरमाथ्यांवर स्वतःचं जाळं उभं केलं. फोन फुकट, बोलणंही फुकट. फुकट मिळणाऱ्या त्या फोनला लोक 'सरकारी डबा' म्हणायला लागले, आणि तो दिसायलाही तसाच होता. ज्याला डबा नको असेल त्याच्यासाठी कलम सात होतं. स्वतःचा फोन आणा, केंद्रात तपासून घ्या, पास झाला तर त्याच फोनवर फुकट सेवा घ्या. हे तपासायचं काम माझं.

तपासायचं काय, तर फोनमधून येणारा आवाज जिवंत माणसाचा आहे की नाही. हसू नका. त्या काळात आवाजचोरांनी उच्छाद मांडला होता. कुणाच्याही बोलण्याचा तीन सेकंदांचा तुकडा हाती लागला की यंत्र त्याच्या आवाजात हवं ते बोलायचं. माझ्या वडिलांना माझ्याच आवाजात फोन गेला होता. मी रडते आहे, मला कोंडून ठेवलंय, लवकर या. पंचाहत्तरीचा माणूस अनवाणी स्टँडकडे धावला, पायरीवरून पडला आणि खुबा मोडून बसला. मी त्या वेळी घरात भजी तळत होते.

तेव्हापासून अण्णा फोन उचलला की आधी विचारतात, "आपल्या म्हशीचं नाव सांग." मी "ढवळी" म्हणते, मग बोलणं सुरू होतं. काळीकुळकुळीत म्हैस आणि नाव ढवळी, हे चोराच्या डोक्यात कधी येणार नाही असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला मला वाईट वाटायचं, मग राग यायला लागला. पोटच्या पोरीला पुरावा द्यावा लागतो म्हणजे काय.

जनजोडच्या जाळ्यानं यावर तोडगा काढला होता. माणूस बोलतो तेव्हा आवाज तर निघतोच, पण त्याच क्षणी त्याचा गळाही हलतो. स्नायू आखडतात, हाडं थरथरतात, आणि जबड्याला टेकलेला फोन ते टिपतो. चोराच्या यंत्राकडे आवाज असतो, गळा नसतो. म्हणून आमच्या जाळ्यावर दोन्ही खुणा एकदम आल्या तरच आवाज पुढे जायचा, नाहीतर फोन तिथेच तुटायचा. माझ्या यंत्राच्या पडद्यावर दोन रेघा दिसत, वरची आवाजाची, खालची गळ्याची. मालकानं आपलं पूर्ण नाव तीन वेळा उच्चारायचं, दोन्ही रेघा बरोबरीनं उठायला हव्यात, आणि नाव नोंदीतल्या नावाशी जुळायला हवं. एका फोनला तीन संधी. मी कुणालाही चौथी दिली नव्हती.

नंदाबाई उतेकर आल्या त्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. साठी उलटलेल्या, ठेंगण्या, पदर मानेभोवती घट्ट गुंडाळलेला. हनुवटीखाली बोटभर रुंदीची एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली आणि गळ्यात कापडी पिशवीत फोन. बाईंचे ओठ हलले आणि आवाज त्या पिशवीतून आला. किंचित घोगरा, पण आमच्याच भागातला, हेल काढून बोलणारा.

"ताई, माजा फोन तेवढा पास करा. डबा नको मला."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पट्टीची जोडणी माझ्या यंत्राला दिली आणि पूर्ण नाव सांगायला सांगितलं. पिशवीतून आवाज आला, "नंदा". मग काहीच नाही. मग "उतेकर". पडद्यावर लाल अक्षरं आली, नाव जुळत नाही. मी जरा चढ्या आवाजात म्हटलं की पूर्ण नाव हवं, मधलंही. त्यांनी मान हलवली. दुसऱ्यांदाही तसंच झालं. नंदा, मध्ये खड्डा, उतेकर. तीनातल्या दोन संधी गेल्या.

मी आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. फोन जुना झालाय, आता सरकारी घ्या, चांगला असतो. त्या उठल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून फोन काढून टेबलावर ठेवला, आणि त्या फोननं मला त्यांची सगळी हकिकत सांगितली.

नऊ वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरात त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं. आता श्वास मानेवरच्या भोकातून जातो, तोंडातून वारा येतच नाही, मग आवाज कुठून येणार. पण मेंदू अजून बोलतो. जीभ, जबडा, हनुवटीखालचे स्नायू यांना तो पहिल्यासारखेच हुकूम सोडतो. ती पट्टी हे हुकूम टिपते, फोनमधली चिप त्यांचा आवाज करते. जुन्या लग्नांच्या व्हिडिओंतून त्यांचा मूळचा आवाज वेचून तो चिपला दिला होता. कुठल्या हालचालीला कुठला शब्द, हे मात्र एकेक करून शिकवावं लागलं. ते शिकवलं त्यांच्या नवऱ्यानं. बाई नुसते ओठ हलवायच्या, समोर बसलेले गृहस्थ ओठांकडे बघून शब्द ओळखायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, चिप दोन्ही जोडून घ्यायची. पीठ, पाणी, चूल, लाँच, सून, ताप. तीन वर्षं हेच चाललं होतं.

ही चिप साध्या फोनमधल्या चिपसारखी नसते. साध्या फोनमधली माहिती म्हणजे आकडे, ते एका फोनमधून दुसऱ्यात जसेच्या तसे उतरवता येतात. ह्या चिपमध्ये लाखो बारीक सांधे असतात, आणि वीज ज्या सांध्यातून पुन्हापुन्हा जाते तो सांधा तिला सरावतो, पायवाट मळते तसा. प्रत्येक चिपचे सांधे जन्मतःच थोडे वेडेवाकडे, दुसरीसारखे नसलेले. शिकलेलं सगळं त्या वाकडेपणाच्या आधारानं बसतं. म्हणून तिची नक्कल होत नाही. नव्या चिपमध्ये ते ज्ञान ओतलं तर नुसता गोंगाट निघतो.

मी म्हटलं, मग नव्या फोनला पुन्हा शिकवा. बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"शिकवनाऱ्याचं डोळं गेलं, ताई. साखरेनं. माजं ओठ आता त्यास्नी दिसत न्हाईत."

नवरा पलीकडच्या काठाला पिंपरवाडीत एकटा, मुलगा-सून लांब. नंदाबाई अलीकडच्या काठाला आश्रमशाळेत स्वयंपाकाला. शनिवारी दुपारी लाँचनं घरी जायच्या, सोमवारी पहाटे परत. मधले पाच-सहा दिवस फोनवर संसार चालायचा. सुई टोचली का, भाकरी कुठल्या फडक्यात आहे, पायरीवर शेवाळ धरलंय तिकडून जाऊ नका. त्यांना लिहिता जेमतेम येत होतं, आणि लिहिलेलं त्याला दिसणार नव्हतं. हा फोन नापास झाला की एक तारखेपासून ह्या बाईचा आवाज पाण्यापलीकडे जाणार नव्हता. दोघांत दुसरी भाषाच उरली नव्हती.

आमचे केंद्रप्रमुख लोखंडे साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी एक युक्ती काढली. बाईंना सरकारी डबाही द्या, आणि ह्या फोनचं तोंड डब्याच्या तोंडाला लावून बोलू द्या. आम्ही लगेच करून बघितलं. नंदाबाई चार शब्द बोलल्या असतील, तेवढ्यात फोन तुटला आणि जाळ्याची ठरलेली सूचना ऐकू आली, "हा आवाज जिवंत व्यक्तीचा नाही."

बाईंनी फोन पिशवीत घातला, पदर सारखा केला आणि बाहेर बाकावर जाऊन बसल्या. त्या घोषणेसाठी आवाज निवडणाऱ्या समितीत मी होते. त्या दिवशी मला त्याची लाज वाटली.

दुपारी चहा पिताना मी त्यांच्या चाचणीचा आलेख पुन्हा काढला. सवयीनं मी नेहमी वरची रेघ बघते, कारण चोर तिथे सापडतो. ह्या वेळी खालची बघितली. 'नंदा'ला गळ्याची रेघ छान उठली होती, 'उतेकर'लाही. मधल्या खड्ड्यात ती सपाट होती. म्हणजे फोन शब्द विसरला नव्हता. बाईंनी ओठच हलवले नव्हते. दोन्ही वेळेला, अगदी त्याच जागी. फोन धडधाकट होता, गप्प बसल्या होत्या त्या बाई, आणि का ते मला कळेना.

तेवढ्यात अण्णांचा फोन आला. मी ढवळी म्हटलं आणि डोकं शिणलंच होतं म्हणून त्यांनाही हे कोडं सांगितलं. त्यांनी विचारलं, "बाईच्या नवऱ्याचं नाव काय?"

"महिपत."

"मग बरोबर आहे की. तुझ्या आईनं तरी माझं नाव कधी घेतलं होतं?"

मी कप खाली ठेवला. माझी आई गेली तोवर तिनं अण्णांना 'अहो' आणि 'शुभदाचे वडील' यापलीकडे काही म्हटलेलं मला आठवत नाही. मी माझ्या नवऱ्याला निखिल म्हणते, चिडले की निखिल्या म्हणते, आणि माझ्या पिढीच्या कुणालाच त्यात काही वाटत नाही. त्यामुळे पन्नास वर्षं ज्या शब्दाला तोंडानं वळसा घातला तो शब्द हुकमावर बाहेर येत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. योजना आखणाऱ्यांच्याही आलं नसणार. त्यांनी चोराचा सगळा विचार केला होता, पण नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईचा कुणी केला नव्हता.

मी धावत बाहेर गेले. नंदाबाई बाकावरच होत्या. मी सरळ विचारलं, मालकांचं नाव घेत नाही म्हणून का? त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मान डोलावली. म्हटलं, मग सांगायचं नाही का मला? पिशवीतून आवाज आला की तुम्ही साहेबीणबाई, तुम्हाला असलं कसं सांगायचं.

तरी अडचण होतीच. फोननं 'महिपत' हा शब्द कधी ऐकलेलाच नव्हता. नऊ वर्षांत ना बाईंनी तो ओठांवर आणला, ना नवऱ्यानं स्वतःचं नाव शिकवलं. नोंदीतलं नाव बदलायचं तर तीन महिने लागतात. हातात एक संधी आणि मार्चचे थोडे दिवस. नवा शब्द चिपला बसायला तो निदान तीस-चाळीस वेळा ओठांनी म्हणावा लागतो, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी तो बरोबर त्याच क्षणी मोठ्यानं म्हणावा लागतो. बाईंच्या ओठांचा ताल माहीत असलेला माणूस एकच होता.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर लाँचमध्ये बसले. तपासनिसानं लाभार्थ्याच्या घरी जाऊ नये असा नियम नाही, पण जावं असाही नाही, आणि मी असलं काही आजवर केलं नव्हतं. निखिलनं फोनवर विचारलं की तुला काय झालंय. मी म्हटलं, माहीत नाही, रविवारी रात्रीपर्यंत येते, कुकर लाव.

महिपत उतेकर ओट्यावर दोर वळत बसले होते. उंच, हाडापेराचा माणूस, डोळे उघडे पण भलतीकडे बघणारे. एके काळी ह्याच पाण्यावर लाँच चालवायचे. मी सगळं सांगितलं तसे ते मोठ्यानं हसायला लागले. बायको सरकारदरबारी आपल्या नावापाशी अडली याचा त्यांना फार आनंद झालेला दिसला.

"लग्नात एकदा घेतलं हुतं," ते म्हणाले, "ते बी आत्यानं दार अडवलं म्हनून."

शिकवणीला बसलो. फोन मध्ये ठेवला. महिपतराव म्हणणार आणि बाई त्याच वेळी ओठ हलवणार. ते म्हणाले, "महिपत." बाईंचे ओठ हललेच नाहीत. पुन्हा म्हणाले, पुन्हा नाही. बाई आवाज न करता हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि जबडा घट्ट. महिपतराव कंटाळून म्हणाले की स्वतःचंच नाव सारखं घ्यायचं म्हणजे निवडणुकीला उभं राहिल्यागत वाटतंय. मला मात्र हसू येईना. मी जरा तडकूनच म्हटलं की बाई, तुमचा आवाज जायची वेळ आलीय आणि तुम्ही लाजताय काय.

त्यांचं हसू थांबलं.

"म्या अडून बसले न्हाई, ताई. तोंडच उघडत न्हाई. मलाबी भ्या वाटतंय."

महिपतराव दोराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मग नुसतं कशाला घेतीस? उखान्यात घे की."

बाई उठून आत गेल्या. मला वाटलं रागावल्या. चुलीपाशी भांड्यांचा आवाज येत राहिला, भाकरी थापल्याचा आला. अर्ध्या तासानं त्या बाहेर आल्या, मांडी घालून नवऱ्यासमोर बसल्या आणि फोनमधून पहिली ओळ आली. दुसरी मध्येच अडखळली, पण ह्या वेळी ओठ थांबले नव्हते. त्या जागी फोननं पातेलं खरवडल्यासारखा आवाज काढला. मी ओरडलेच, "हलले! ओठ हलले!"

आता शिकवणी खरी सुरू झाली. महिपतरावांना ओठ दिसत नव्हते, म्हणून त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं बायकोच्या ओठांवर आणि अंगठा हनुवटीखाली पट्टीच्या कडेला ठेवला. म्हणाले, माझ्या नावात ओठ दोनदा मिटतात, 'म'ला आणि 'प'ला, तेवढं कळलं की मी पकडतो. बाई उखाणा म्हणायच्या, ओळ नावापाशी आली की त्यांची बोटं टिपायची आणि ते नेमक्या त्या क्षणाला नाव म्हणायचे. सुरुवातीला कधी घाई व्हायची, कधी उशीर. फोन 'मप' म्हणाला, मग 'मईप', मग एकदा 'म्हैस'च्या जवळपास काहीतरी, त्यावर दोघंही इतकी हसली की शिकवणी थांबवावी लागली. संध्याकाळ झाली तसं आम्ही जेवलो. रविवारी सकाळी पुन्हा बसलो. ओट्यावरून पाणी दिसत होतं आणि तीच दोन ओळींची गाडी पुन्हापुन्हा येत-जात होती.

दुपारच्या सुमाराला महिपतरावांनी मुद्दामच नाव म्हटलं नाही. नुसती बोटं ठेवून बसले. बाईंनी ओळ म्हटली आणि फोनमधून स्वच्छ शब्द आला, घोगरा, हेल काढलेला, बायकोच्या आवाजातला. महिपत.

त्यांनी हात काढला नाही. म्हणाले, "परत." त्यांचे न दिसणारे डोळे भरून आले होते, आणि रडू मलाही आलं. मी ते लपवलंही नाही, कारण बाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं आणि ऐकणारा माणूस त्याच्या कामात होता.

जाण्यापूर्वी मी बाईंना नुसतं नाव सांगून बघायला सांगितलं, उखाण्याशिवाय. जबडा पुन्हा मिटला. ते नाव उखाण्याच्या तालावरच येत होतं, एरवी नाही. मला लाँचमध्ये पूर्ण वेळ त्याचीच काळजी लागून राहिली.

सोमवारी मार्चची एकतीस तारीख. केंद्रात शेवटच्या दिवसाची गर्दी. नंदाबाई नवी चोळी घालून आल्या होत्या. मी पट्टी जोडली आणि लोखंडे साहेबांना आधीच सांगितलं की नाव उखाण्यात येईल. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते म्हणाले, नियमात उखाणा नाही.

"नियमात आहे की पूर्ण नाव तीन वेळा उच्चारावं," मी म्हटलं. "त्याच्या आधी गप्प बसावं असं कुठं लिहिलंय?"

त्यांनी परिपत्रक मागवलं. दोनदा वाचलं. रांगेतली माणसंही त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले की घ्या, पण जबाबदारी तुमची. मी हो म्हटलं. माझ्या नोकरीत मी पहिल्यांदा कशाची तरी जबाबदारी घेत होते, एरवी मी नुसती सही करायची.

बाई खुर्चीवर बसल्या. ओठ हलेनात. त्यांनी साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला उमगलं. मी साहेबांना म्हटलं की तुम्ही जरा भिंतीकडे तोंड करा. परक्या पुरुषाच्या तोंडाकडे बघून त्यांना मालकांचं नाव घेता यायचं नाही. साहेब बिचारे वळले आणि कॅलेंडर बघत उभे राहिले. रांगेतल्या चार पुरुषांनीही न सांगता पाठ केली. कापडी पिशवीतून आवाज आला.

"पाण्याअलीकडं शाळा, पाण्यापलीकडं घर,
दोन्हीकडं नांदते नंदा महिपत उतेकर."

दोन्ही रेघा बरोबरीनं उठल्या. मधल्या खड्ड्याच्या जागी आता दोन लहान उंचवटे होते, एक 'म'चा, एक 'प'चा. दुसऱ्या वेळी आवाज थोडा कापला, पण रेघा सुटल्या नाहीत. तिसऱ्या वेळी बाईंनी मान वर करून म्हटलं, जरा सावकाश, चवीनं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. आवाज जिवंत. नाव जुळले.

सगळं केंद्र टाळ्या वाजवायला लागलं. लोखंडे साहेब वळले आणि त्यांनीही वाजवल्या. नंदाबाईंनी मात्र टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही, त्या पडद्यावरची ती अक्षरं एकेक करून वाचत होत्या. पहिले दोन शब्द लागल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

माझं काम तिथे संपलं असतं, तर मी ही गोष्ट मोठ्या तोऱ्यात सांगितली असती. पण त्याच दुपारी मी माझ्या नापास फोनांची कपाटभर कागदपत्रं काढली आणि खालची रेघ बघत बसले. त्यांत वयस्क बायकांचे कितीतरी फोन होते, धडधाकट, चोरीचे नसलेले. प्रत्येकीच्या आलेखात मधल्या जागी सपाट रेघ. मी प्रत्येकीला सांगितलं होतं की फोन जुना झालाय, आणि त्या मुकाट्यानं डबा घेऊन गेल्या होत्या. एकीनंही मला कारण सांगितलं नव्हतं. माझ्या हातून एकही खोटा फोन पास झाला नाही हे खरं, पण खरे किती नापास झाले हे मी कधी बघितलंच नव्हतं.

मी सगळं लिहून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी त्यावर आपली सही केली आणि ते वर पाठवलं, स्वतःच्या शिफारशीसह, हे मला सांगितलंच पाहिजे. तीन आठवड्यांत दुरुस्ती आली. चाचणीत उच्चारलेल्या कोणत्याही ओळीत पूर्ण नाव आलं की पुरे, आणि नापास झालेल्यांना पुन्हा संधी. मग बायका आल्या. एप्रिलच्या उन्हात आमच्या केंद्रात हळदीकुंकू असल्यासारखी गर्दी उसळली. कुणी ओळी कागदावर लिहून आणल्या होत्या, कुणी रांगेत उभ्याउभ्या जुळवत होत्या, एका आजींनी तर इतका लांबलचक उखाणा घेतला की यंत्राची वेळ संपली आणि तो पुन्हा घ्यावा लागला. नंदाबाईंसारखंच स्वरयंत्र गेलेले दोघे आजोबाही शेजारच्या तालुक्यातून त्यांचं ऐकून आले आणि आपले फोन पास करून घेऊन गेले. लोखंडे साहेब दर वेळी भिंतीकडे तोंड करत. कॅलेंडरवरचे सगळे सण त्यांना पाठ झाले असं ते म्हणायचे.

आणि अण्णांना मी आता ढवळी म्हणते ते चिडून म्हणत नाही. कधी त्यांनी विचारलं नाही तर मीच आधी सांगते.

मे महिन्यात मी आश्रमशाळेत एका फोनच्या तपासणीला गेले होते. दुपारची जेवणं आटोपली होती. नंदाबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून पिंपरवाडीला फोन लावत होत्या. पलीकडे महिपतरावांना सरकारी डबा मिळालाय, तो हाका मारल्यासारखा बोलतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. त्यांच्या डब्यावर कोण बोलतंय त्याचं नाव आपोआप सांगितलं जातं. बायकोचा आवाज ते झोपेतही ओळखतील.

तरी ते म्हणाले, "कोन बोलतंय?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "रोज इचारत्यात," त्या मला म्हणाल्या. "ठावं असून इचारत्यात."

मग त्यांनी पदर सावरला, माझ्याकडे पाठ केली, आणि पाण्यापलीकडच्या त्या माणसाला आपलं पूर्ण नाव सांगितलं. उखाण्याशिवाय.

मग महिपतराव म्हणाले, "परत."

बाईंनी परत सांगितलं.